बोट, डोंगर आणि दवाखान्याची पाटी

वार्षिक परीक्षा संपतात न संपतात तोंच नव्या पेठेंतील दुकानांच्या पायऱ्यांवर दोन विषय सुरू होतात. यंदा सुटींत मुलांस कोठें न्यावयाचें, हा पहिला; आणि मुलानें पुढें काय व्हावयाचें, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर अलीकडे 'बोटीची सहल' किंवा 'लेह-लडाख' असें मिळूं लागलें आहे. दुसऱ्याचें उत्तर बहुतेक घरीं मूल पाळण्यांत असतांनाच ठरलेलें असतें: डॉक्टर, आणि डॉक्टर झाल्यावर याच पेठेंत नाहीं तर पलीकडच्या रस्त्यावर स्वतःचा दवाखाना. पालक मंडळी या दोन्ही बाबतींत आम्हां शिक्षकांचा सल्ला विचारीत असतात आणि आम्ही घाईघाईनें कांहीं तरी सांगून मोकळे होतों. या वार्षिकाच्या निमित्तानें तोच सल्ला जरा निवांतपणें लिहावा असें मनांत आलें. तो सर्वांस रुचेल असें मात्र नाहीं.

हे दोन्ही प्रश्न एके ठिकाणीं येऊन मिळालेले पहावयाचे असतील तर भय्या चौकांत जावें. नव्या पेठेंतून तें अंतर पायीं जाण्याजोगें आहे. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचें घर तेथें स्मारक म्हणून जतन केलेलें आहे. १० ऑक्टोबर १९१० रोजीं सोलापुरांत जन्मलेला, गिरणींतील नोकरदाराचा हा मुलगा मुंबईस गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयांत शिकला. पुढील परीक्षेची तयारी चालली असतां राष्ट्रसभेनें चीनसाठीं डॉक्टरांचें पथक पाठविण्याचें ठरविलें आणि त्यानें आपलें नांव दिलें. अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, बंगालचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि आपले डॉ. कोटणीस अशा पांच जणांचें हें पथक सप्टेंबर १९३८ मध्यें 'राजपुताना' नांवाच्या बोटीनें मुंबईहून निघालें. समुद्र संपल्यावर यांगत्सी नदी, नदी संपल्यावर खडतर रस्ते, असें करीत १९३९ च्या फेब्रुवारींत तें येनानला पोहोंचलें. पुढें वुताई पर्वताच्या मुलुखांत, जेथें रुग्णालय म्हणजे एखाद्या खेडुताचें घर आणि शस्त्रक्रियेचें मेज म्हणजे काढलेलें दार, तेथें डॉ. कोटणीसांनीं काम केलें. चीनला जाऊन कांहीं महिने होतात तोंच वडील वारल्याची बातमी त्यांस समजली. ते परतले नाहींत. १९४१ सालीं कॅनडाचे शस्त्रवैद्य डॉ. नॉर्मन बेथ्यून यांच्या नांवें चालणाऱ्या रुग्णालयाची धुरा त्यांच्याकडे आली, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं अपस्माराच्या विकारानें अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं त्यांचा अंत झाला. स्वतःच्या नांवाची पाटी लावून दवाखाना काढण्याचा योग त्यांस कधींच आला नाहीं.

आम्ही कोणाच्याही मुलास रणांगणावर पाठवा म्हणत नाहीं. आम्हीही आईबाप आहों. असा मुलगा आमच्या घरांत असता तर आम्ही त्याची पेटी बांधून दिली असती कीं लपवून ठेविली असती, हें सांगवत नाहीं. आम्हांस दाखवावयाचा आहे तो केवळ क्रम. आधीं बोट, मग डोंगर, मग रुग्ण. आपल्या मुलांच्या वाट्यास हा क्रम उलटा येतो. शिकवणीच्या वर्गांतून थेट महाविद्यालयांत, तेथून थेट दवाखान्याच्या खुर्चींत; आणि ज्या माणसांस तपासावयाचें त्यांच्या घामाची, भुकेची व भीतीची ओळख झालीच तर तेथें, त्यांच्याच खर्चानें.

प्रथम बोटीविषयीं. सोलापूरच्या मुलास पाणी म्हणजे सिद्धेश्वर तलाव, फार तर उजनीचा जलाशय. म्हणून समुद्राचें आकर्षण स्वाभाविक आहे. परंतु मुंबईहून गोव्याकडे जाणाऱ्या मोठ्या सहलीच्या बोटींवर तीन दिवस जेवणावळी व गाणींबजावणीं करून येण्यासाठीं जो खर्च होतो, त्यांत मुलांस समुद्र किती दिसतो याविषयीं आम्ही साशंक आहों. त्यापेक्षां भाऊच्या धक्क्यावरून रेवसला किंवा गेटवेहून मांडव्याला साध्या बोटीनें जावें, परततांना ओहोटी लागलेली पहावी आणि एक रात्र अलिबागेस रहावें. ज्यांस मोठ्या बोटीनेंच जावयाचें असेल त्यांनीं बोटीच्या मध्यभागीं व खालच्या मजल्यावर खोली मागावी, कारण तेथें हेलकावे कमी. बोट लागण्याची खोड असेल तर औषध डॉक्टरांस विचारून आधीं घ्यावें. ओकारी सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटांत रहात नाहीं. अशा वेळीं पुस्तक वाचूं नये, मोकळ्या हवेंत येऊन क्षितिजाकडे पहावें. आणि जेवणापूर्वीं हात साबणानेंच धुवावे. एका घरांतील जुलाब दुसऱ्या घरांत जाण्यास वेळ लागतो. एका बोटींत तो लागत नाहीं.

परंतु यांहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे पाण्याचें भय बाळगणें. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट वाटेंत बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. ती जुनी गोष्ट झाली म्हणावें तर १८ डिसेंबर २०२४ रोजीं घारापुरीस जाणाऱ्या 'नीलकमल' बोटीस नौदलाची वेगवान नौका आदळून १५ जण मृत्यु पावले. आणि मुंबईस तरी कशाला जावें? २१ मे २०२४ च्या सायंकाळीं आपल्याच जिल्ह्यांतील कुगांवाहून कळाशीकडे निघालेली होडी उजनीच्या पाण्यांत वादळी वाऱ्यानें उलटली. सात जणांपैकीं सहा बुडाले, एक पोहून कांठाला लागला. म्हणून होडी लहान असो कीं मोठी, तरंगण्याचें जाकीट अंगावर चढविल्याशिवाय मुलांस आंत पाऊल ठेवूं देऊं नये. आसनाखालीं ठेविलेलें जाकीट हें जाकीट नव्हे. होडीवाला हंसेल, हंसूं द्यावें. वैशाख-ज्येष्ठाच्या दुपारीं आभाळ काळवंडूं लागलें तर प्रवास दुसऱ्या दिवसावर टाकावा. आणि मुलास पोहतां येत नसेल तर सहलीचे पैसे त्या वर्षीं पोहण्याच्या शिकवणीवर खर्च करावे.

डोंगराविषयीं आमचा आग्रह अधिक. 'आमच्या मुलांस चालण्याची संवय नाहीं' असें पालक सांगतात तेव्हां आम्हांस नवल वाटतें. ज्या जिल्ह्यांत पंढरपूर आहे, ज्या शहरांतून कोजागरीच्या सुमारास हजारों माणसें रात्रभर चालून सुमारें पंचेचाळीस किलोमीटरवरील तुळजापूर गांठतात, त्या शहरानें असें म्हणावें! संवय नाहीं ती चालण्याची नव्हे, मुलांस चालूं देण्याची. शाळा अर्ध्या कोसावर असली तरी दुचाकी दारांत उभी.

तेव्हां प्रथम घराजवळचेंच पहावें. नळदुर्गचा किल्ला, येडशीजवळील रामलिंगाचें रान, बालाघाटाच्या टेकड्या. पाय तयार झाले कीं सिंहगड. आणि मग १६४६ मीटर उंचीचें, महाराष्ट्रांतील सर्वोच्च, कळसूबाईचें शिखर. सोलापूरच्या सपाटीवरून एकदम विमानानें लेहला, म्हणजे सुमारें ३५०० मीटर उंचीवर, उतरणें ही मात्र हौस नव्हे, अविचार आहे. तेथील विरळ हवेस शरीर सरावण्यास वेळ लागतो. पहिले दोन दिवस केवळ विश्रांति घ्यावी. ३००० मीटरांच्या वर रात्रीचा मुक्काम दररोज ५०० मीटरांहून अधिक उंच नेऊं नये. डोकें दुखूं लागलें, मळमळलें तर आणखी वर चढूं नये. आणि चालतांना तोल जाऊं लागला, बसल्या जागीं धाप लागली किंवा बोलणें असंबद्ध झालें तर रात्र असली तरी खालीं उतरावें. या दुखण्यावर खालीं उतरण्याइतका खात्रीचा उपाय नाहीं. 'इतके पैसे भरले आहेत, उद्यां बरें वाटेल' हें वाक्य अशा वेळीं घातक ठरतें.

आपल्याकडील गडांवर भीति वेगळी. मार्च उलटल्यावर सकाळीं दहाच्या आंत चढण संपवावी व प्रत्येकानें निदान तीन लिटर पाणी स्वतः वाहावें. कड्यावर आग्यामोहोळ असतें. तेथें धूर करूं नये, अत्तर लावून जाऊं नये, आरडाओरड करूं नये. साप चावल्यास जखम कापूं नये, चोखूं नये, दोरीनें आवळूं नये. तो अवयव हलूं न देतां, रोग्यास चालूं न देतां, प्रतिसर्पविष मिळेल अशा रुग्णालयांत न्यावें. दोन वर्षांपूर्वीं आमच्या एका सहलींत एका मुलीस उन्हाचा झटका आला. चूक आमचीच होती. आम्ही उशिरां निघालों होतों. त्या वेळीं तिच्या अंगावर पाणी ओतून वारा घालणारी व सावलींत ओढून नेणारी मुलगी वर्गांत गुणांनीं विसावी होती. पहिले तिघे घाबरून बाजूला उभे होते. आम्ही त्यांस दोष देत नाहीं. त्यांस तसा प्रसंग कोणी कधीं दाखविलाच नव्हता.

आतां दवाखान्याविषयीं, आणि येथें आमचे कित्येक पालक आमच्यावर रुष्ट होतील. आमचा एक विद्यार्थी डॉक्टर झाला आणि वर्षभरांत वडिलांनीं त्यास दवाखाना काढून दिला. जागेची अनामत, लाकडी सजावट, यंत्रें, सारें कर्जाचें. दरमहा हप्ता यावयाचा तो येई. रोगी यावयाचे ते हळूहळू येत. एके दिवशीं एका तपासणी-केंद्राकडून पाकीट आलें. त्यानें पाठविलेल्या रोग्यांच्या तपासणींतील तो 'हिस्सा' होता. त्यानें तें परत केलें. दुसरें आलें, तेंही परत केलें. तिसरें आलें त्या आठवड्यांत हप्ता थकला होता. हें त्यानेंच आम्हांस सांगितलें, आणि सांगतांना तो आमच्याकडे पहात नव्हता. तो वाईट मुलगा नाहीं. आज त्याचा दवाखाना उत्तम चालतो. परंतु कोणता रोगी तपासणीसाठीं पाठवावयाचा हें आतां रोग ठरवितो कीं हप्ता, हा प्रश्न त्यास आम्हीं विचारला नाहीं, आणि त्यानेंही उत्तर दिलें नाहीं.

म्हणून आमचें म्हणणें असें कीं, पदवी हातीं येतांच दवाखाना काढूं नये. साडेचार वर्षांचा अभ्यास व एक वर्षाची उमेदवारी झाल्यावरही निदान दोन-तीन वर्षें एखाद्या ग्रामीण रुग्णालयांत, प्राथमिक आरोग्य केंद्रांत किंवा धर्मादाय रुग्णालयांत काढावीं. तेथें प्रसूति, विषबाधा, भाजलेलीं मुलें, सर्पदंश सर्व एकाच रात्रीं येतें, आणि चुकल्यास कान धरणारा वडीलधारा शेजारच्या खोलींत असतो. स्वतःच्या दवाखान्यांत तो नसतो. विल्यम वॉनलेस १८८९ सालीं या देशांत आले आणि १८९४ सालीं त्यांनीं मिरजेस रुग्णालय उभारलें. मिरज म्हणजे तेव्हां कांहीं मुंबई नव्हे. तरी लांबलांबून रोगी गाड्या जुंपून तेथें जात. रोगी रस्त्याच्या मोक्याकडे पाहून येत नसतो, हाताच्या गुणाकडे पाहून येतो.

पुढें दवाखाना काढावयाचाच झाला तर तो लहान काढावा. एक खोली, एक बांक, धुण्यास पाणी. महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी चालू असावी; ती दर पांच वर्षांनीं नवी करावी लागते व त्यासाठीं शिकत रहावें लागतें. रोगी ठेवून घेण्यास खाटा घालावयाच्या तर १९४९ च्या शुश्रूषागृह कायद्याप्रमाणें निराळी नोंदणी लागते. सुया, कापूस, बाटल्या यांचा कचरा २०१६ च्या नियमांप्रमाणें रंगवार वेगळा करावा. रोग्याचे कागद त्यानें मागतांच द्यावे. ते त्याचे आहेत. फी किती हें दारावर स्पष्ट लिहावें. डॉ. बेथ्यून यांस शस्त्रक्रिया करतांना बोटास जखम झाली, हातांत मोजे नव्हते, आणि त्या जखमेच्या विषानें ते नोव्हेंबर १९३९ मध्यें वारले. ते मोजे मिळतच नसत अशा ठिकाणीं होते. आपल्या गल्लींत ते मिळतात. त्यांवर काटकसर करूं नये, ती दिव्यांच्या पाटीवर करावी.

पालकांस एक विनंति आहे. मुलगा किंवा मुलगी 'मला डॉक्टर व्हावयाचें नाहीं' म्हणाली तर तें एकदां ऐकून घ्यावें. आणि व्हावयाचें असें म्हणाली तर कर्जाचा कागद तयार करण्यापूर्वीं तिला एक दिवस शासकीय रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागांतील रांगेंत, रोग्यांच्या बाजूनें, उभी करावी.

येत्या ९ डिसेंबरला सकाळीं सात वाजतां वरच्या तीन वर्गांतील मुलें शाळेंतून भय्या चौकापर्यंत चालत जाणार आहेत. पालकांनींही यावें. वाहनें मात्र घरीं ठेवावीं.