मोटार जमिनीलगत बसवावी काय?

आमच्या भाच्यानें इंग्लंडांत एक जुनी माझ्दा एम्एक्स-५ घेतली, हें वर्तमान घरीं पोंचलें तेव्हां वडील मंडळींनीं एकच प्रश्न केला : "दोघांचीच गाडी? मग आईबाप दोघेही आले तर बसावें कोठें?" त्याचें उत्तर भाच्यास अद्याप सुचलेलें नाहीं. आतां त्याचें दुसरें पत्र आलें आहे. आंखूड स्प्रिंगा घालून गाडी तीन सेंटिमीटर खालीं आणावी असा त्याचा मानस आहे. "मामा, पुढें कांहीं बिघडेल काय?" असें तो विचारतो. अशी हौस असलेले तरुण वाचकांच्या घरींही असतील, म्हणून त्याला लिहिलेलें उत्तर येथें देतों.

प्रथम त्याच्या बाजूचें बोलूं. वळणावर गाडीचा भार आंतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातो, आणि तो किती जावा हें गुरुत्वमध्याच्या उंचीवर अवलंबून असतें. ही उंची ४५ सेंटिमीटर धरली, तर ३ सेंटिमीटर उतरल्यानें ही सरकासरक एक पंधरांशानें कमी होते. लाभ खरा, पण एवढाच. शिवाय खालीं बसलेली गाडी डौलदार दिसते, हें आम्हांसही नाकारतां येत नाहीं.

आतां किंमत. समजा, खड्ड्यांत चाकास वर उचलण्यास साडेसात सेंटिमीटर जागा होती. ती साडेचार उरली. तोच धक्का एवढ्या जागेंत जिरवावयाचा तर स्प्रिंग जवळजवळ पावणेतीन पट कडक हवी. बाजारांतल्या आंखूड स्प्रिंगा त्या मानानें थोड्याच कडक असतात. मग उरलेलें काम शेवटच्या रबरी ठोकळ्यावर पडतें. एम्एक्स-५ मध्यें ही जागा मुळांतच बेताची. ठोकळा वारंवार ठेचून कुजतो, शॉक-अॅब्सॉर्बरचें तेल झिरपूं लागतें, धक्के थेट सांगाड्यास बसतात. तिकडील रस्त्यांवरचे उंचवटे १० सेंटिमीटरपर्यंत असतात. ताई पुढील महिन्यांत तिकडे जाणार आहे, तिच्या कंबरेचा विचार चिरंजीवांनीं करावा.

पण खरी भीति कंबरेची नव्हे. भरवेगांत वळण घेतांना मागचें बाहेरचें चाक ठोकळ्यास टेकलें, कीं स्प्रिंग एकाएकीं दगडासारखी होते, त्या चाकावर भार कोंसळतो आणि गाडीची शेपटी निसटते. हें कोरड्या रस्त्यावर कदाचित् निभावेल. पावसांत निभावेलच असें नाहीं.

दुसरें दुखणें हळू येतें. चाकांच्या दांड्यांच्या सांध्यांत रबरी बुश असतात. ते फिरत नाहींत, पिळवटतात. जुन्या उंचीवर आवळलेले बोल्ट तसेच ठेवून गाडी खालीं आणली, तर उभ्या गाडींतही रबर अहोरात्र पिळलेलें राहतें व अकालीं फाटतें. गाडी चाकांवर उभी असतांना बोल्ट सैल करून पुन्हां आवळले म्हणजे हें टळतें. पुष्कळ कारागीर एवढेंच विसरतात. खालीं आल्यावर चाकांचे माथे आंत झुकतात व टायरची आंतली कड झिजते. बाहेरून टायर नवा दिसतो आणि आंत तारा उघड्या पडलेल्या असतात! म्हणून चाकांची दिशा लगेच जुळवून घ्यावी. सुदैवानें या गाडींत तशी सोय आहे. जुन्या स्प्रिंगा कापून आंखूड करण्याचा स्वस्त उपाय मात्र कोणींही करूं नये. चाक लोंबकळलें असतां स्प्रिंग जागेवरून सुटूं शकते. विमा कंपनीस कळविलें पाहिजे, हें सांगणें नलगे.

हौस भागवावयाचीच तर दीड-दोन सेंटिमीटरांवर थांबावें, आणि त्या उंचीस जुळणारे शॉक-अॅब्सॉर्बर व ठोकळे स्प्रिंगांच्या बरोबरच बदलावे, असें आम्हीं लिहिलें.

त्याचें उत्तर कालच आलें. गाडी उचलून पाहिली तों मागचे दोन्ही ठोकळे मूळ उंचीवरच भुगा होऊन गेलेले! स्प्रिंगांचा बेत तूर्त राहिला आहे. शॉक-अॅब्सॉर्बरांचे पैसे मात्र ताईनें येतांना आणावे, अशी पुरवणी पत्राच्या शेवटीं आहे.