कृपा कीं सौदा?

ख्रिस्ताचें नांव घेतलें कीं पापाचें खातें कोरें. मग पुण्य करण्याचें कारणच काय? ख्रिस्ती धर्मांतील कृपेच्या सिद्धांतावर असा शेरा मारून आमचे सुशिक्षित बांधव मोठ्या समाधानानें चहाचा पेला उचलतात. आम्ही ख्रिस्ती नाहीं. परंतु पूर्वपक्ष नीट मांडल्यावांचून खंडनास तोंड फोडूं नये ही आमच्याच शास्त्रकारांची शिस्त आहे, आणि तिचा येथें सर्रास भंग होतो.

हा आक्षेप नवा नाहीं. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायांत पौलानें तो स्वतःच उपस्थित करून झिडकारला आहे. कृपा ही पापाची परवानगी नसून पापाच्या दास्यांतून सुटका आहे. सुटलेला दास जुन्या धन्याच्या दारीं पुन्हा कां जावा? सत्कृत्य हें तारणाचें मोल नव्हे, फळ होय. आणि सौद्याचीच गोष्ट काढावयाची तर इतिहास नेमका उलट आहे. १५१७ च्या सुमारास जर्मनींत पापदंडाच्या माफीचीं पत्रें पैसे घेऊन दिलीं जात, आणि रोम येथील सेंट पीटरच्या मंदिराच्या बांधकामास त्यांतील पैसा जाई. त्या बाजाराविरुद्ध ल्यूथर उठला. देवाची देणगी विकत घेतां येत नाहीं, हाच त्याच्या भांडणाचा गाभा. ज्या मतानें सौदा मोडला त्यासच आमचे टीकाकार सौदा म्हणतात! पुढें १९९९ सालीं ऑग्सबर्ग येथें ल्यूथरपंथी व रोमन कॅथलिक या दोघांनीं मिळून मान्य केलें कीं देव माणसाचा स्वीकार करतो तो त्याच्या कर्तृत्वासाठीं नव्हे, केवळ कृपेनें.

मांजरी पिलास तोंडांत धरून नेते, पिलास कांहींच करावें लागत नाहीं, हा दाखला दक्षिणेंतील तेंगलै वैष्णव शरणागतीस लावतात. तो ऐकतांना मात्र आमच्या कपाळास आठी पडत नाहीं.

खरा दुबळा भाग निराळाच आहे. सर्वच देणगी असेल तर ती एकास कां मिळावी व दुसऱ्यास कां नाहीं? माणसाच्या इच्छाशक्तीची बाजू घेणाऱ्या पेलॅजिअसचें मत कार्थेजच्या धर्मसभेनें ४१८ सालीं त्याज्य ठरविलें. आणि त्याच वादांत, बाप्तिस्म्यावांचून मेलेलें तान्हें मूलहि, सौम्य कां होईना, दंडासच पात्र, असें ऑगस्टीनास म्हणावें लागलें. त्या मुलाच्या आईस काय सांगावयाचें, असें विचारणारा टीकाकार आमच्यांत आम्हांस अद्याप भेटलेला नाहीं.