आधी प्रश्न नेमका करा

शिष्यवृत्तीसाठी पीएच.डी.चा संशोधन आराखडा लिहायचा म्हणजे विषय भारदस्तच हवा, असा समज आपल्याकडे घट्ट रुजला आहे. ‘महाराष्ट्रातील ग्रामीण अर्थव्यवस्था : एक चिकित्सक अभ्यास’ अशी शीर्षकं त्यातूनच जन्मतात आणि शिरूर-दौंडच्या विद्यार्थ्याला स्वतःच्या तालुक्यावर लिहिणं कमीपणाचं वाटू लागतं. हा समज खोडणारा पुरावा शिरूर तालुक्यातच आहे. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१७ मध्ये पिंपळे सौदागर या एकाच गावातल्या जमीन आणि मजुरीचा अभ्यास प्रसिद्ध केला. ते गाव पुण्याच्या जवळचं, म्हणून शहराच्या प्रभावाखालचं. मग शहरापासून लांबच्या गावात काय चित्र असेल? त्यासाठी मान आणि त्यांचे सहलेखक कानिटकर यांनी शिरूरमधलं जातेगाव बुद्रुक निवडलं. तो अभ्यास १९२१ मध्ये आला. गाव लहान, पण तेच का घेतलं याचं कारण चोख. आराखड्याला बळ येतं ते अशा कारणातून.

पद्धतीचंही तेच. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. केवळ कालक्रम लावायचा असता तर खोल खड्डे पुरले असते. पण प्रश्न तिथल्या प्राचीन वस्तीतल्या जगण्याचा होता, म्हणून आडवं, विस्तृत उत्खनन झालं. आधीची ऐसपैस चौकोनी घरं जाऊन पुढं लहान गोल झोपड्या आल्या, हे त्यामुळंच उलगडलं. आपल्या आराखड्यांत मात्र प्रश्न कोणताही असो, ‘प्रश्नावली, मुलाखती, दुय्यम साधने’ ही यादी ठरलेली!

यावर आक्षेप येईल, की निवड समितीला, त्यातून परदेशातल्या, दौंडशी काय देणंघेणं? आक्षेपात तथ्य आहे. गावाच्या नावानं महत्त्व येत नाही, ते दाखवून द्यावं लागतं. दौंडचा शेतकरी ऊस कारखान्याला द्यायचा की गुऱ्हाळाला, हे कशावरून ठरवतो : भावावरून, तोडीला लागणाऱ्या वेळेवरून, की हाती पडणाऱ्या रोख पैशावरून? हा प्रश्न सहकार आणि बाजार यांच्या जगभर चाललेल्या चर्चेला थेट भिडतो. शिवाय तो पडताळता येतो. रोखीची निकड हेच कारण असेल, तर ती निकड नसलेले शेतकरी गुऱ्हाळाकडे कमी वळायला हवेत. तेही तितकेच वळत असतील, तर आपलं म्हणणं पडलं. हे आधीच लिहून ठेवणाऱ्या उमेदवारावर समितीनं विश्वास का ठेवू नये? उलट अख्ख्या महाराष्ट्राचा अभ्यास शिष्यवृत्तीच्या मुदतीत एकट्यानं पुरा होत नाही, हे परीक्षकांना पहिल्याच पानावर कळतं. म्हणून अर्ज पाठवण्यापूर्वी शीर्षकातलं ‘महाराष्ट्रातील’ खोडा, तिथं गावाचं नाव घाला आणि तेच गाव का, हे पुढच्या दोन ओळींत सांगा.