'सगळी' की 'बहुतेक'?

माझी मुलगी अ‍ॅशबर्नमध्ये नववीत शिकते. तिच्या चाचणीत एक प्रश्न होता : सगळी एन्झाइम्स प्रोटीन असतात, चूक की बरोबर? तिने 'चूक' लिहिलं आणि एक गुण गेला. घरी येऊन म्हणाली, "आई, माझं बरोबर होतं ना?"

मला वाटतं, होतं.

एन्झाइमला मराठीत विकर म्हणतात आणि प्रोटीनला प्रथिन. आपल्या पेशीत टी-आरएनए नावाचे छोटे रेणू असतात. ते अमिनो आम्लं आणून देतात आणि त्यांची प्रथिनं बनतात. पण नवीन टी-आरएनएची टोकं जास्त लांब असतात. आजी गवारीच्या शेंगांची दोन्ही टोकं खुडते ना, तसंच इथेही करावं लागतं. सुरुवातीचं टोक 'आरएनेज पी' हे विकर कापतं, शेवटचं 'आरएनेज झेड'.

सिडनी ऑल्टमन येल विद्यापीठात बॅक्टेरियातल्या आरएनेज पीचा अभ्यास करत होते. त्यात प्रथिनाबरोबर आरएनएही सापडला. अनेकांना ते पटेना, कारण विकर म्हणजे प्रथिनच, असं सगळे मानत होते. पण १९८३ मध्ये दिसलं की कापायचं काम आरएनए एकटाही करू शकतो! त्याआधी, १९८२ मध्ये, थॉमस चेक यांनी स्वतःलाच कापणारा आरएनए शोधला होता. दोघांना १९८९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

हेच चेक पुढे हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष झाले. त्यांच्याच काळात, २००६ मध्ये, त्या संस्थेचं जनेलिया हे संशोधन केंद्र आपल्या अ‍ॅशबर्नमध्ये सुरू झालं.

गंमत इथे संपत नाही. मग वाटू लागलं, आरएनेज पीमध्ये आरएनए असतोच. २००८ मध्ये तो नियमही मोडला. माणसाच्या मायटोकॉन्ड्रियात फक्त प्रथिनांचा आरएनेज पी सापडला!

काही पालक म्हणतात, "नववीच्या मुलांना अपवाद कशाला? उगाच गोंधळ होईल." मला हे अर्धंच पटतं. सगळे अपवाद शिकवू नका, पण एक शब्द बदला. 'सगळी' ऐवजी 'बहुतेक' म्हणा. नियम पाठ करतानाच मुलांना कळेल की अजून शोधायला जागा आहे.

आपला 'बहुतेक' किती छान शब्द आहे बघा! 'बहुतेक विकरं' म्हणजे जवळजवळ सगळी. 'बाबा बहुतेक येतील' म्हणजे नक्की नाही, पण शक्यता जास्त.

मी मुलीला म्हटलं, "टीचरना हे नीट समजावून सांग."

"मग गुण मिळेल?"

"बहुतेक!"