टाचदुखी आणि मऊ चपलेचा भ्रम

टाच दुखते असं चारचौघांत एकदा बोलून पाहा. कोणी म्हणेल हाड वाढलंय, कोणी वाताचं निदान करून मोकळा होईल, कोणी पहाटे हिरवळीवर अनवाणी चालायला सांगेल आणि उरलेले सगळे एकमुखानं ‘मऊ चप्पल घे’ म्हणतील. सल्ले प्रेमापोटी दिलेले असतात, म्हणून ते खोडून काढणं जिवावर येतं. पण साध्या उपायांनी आटोक्यात येणारं दुखणं वर्षानुवर्षं रेंगाळतं, त्यात या सल्ल्यांचा वाटा मोठा असतो. माझं म्हणणं एवढंच आहे की, जुनाट टाचदुखीत पादत्राण ही चैन नाही आणि औषधही नाही. पायावरचा भार वाटून घेणारं ते एक साधन आहे. त्याची पारख मऊपणावरून, किमतीवरून किंवा खोक्यावर छापलेल्या ‘ऑर्थो’ या शब्दावरून होत नाही.

आधी दुखतं काय ते पाहू. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्यातून एक चिवट पट्टा जातो. डॉक्टर त्याला प्लांटर फॅशिया म्हणतात. पायाची कमान तोलून धरण्यात त्याचा मोठा हात असतो. रोजचा ताण त्याच्या सोसण्यापलीकडे गेला की, टाचेच्या हाडाला तो जिथे चिकटलेला असतो तिथे कळ उठू लागते. सकाळी अंथरुणातून उठून टाकलेलं पहिलं पाऊल जीव काढतं, थोडं चाललं की दुखणं निवतं आणि दिवसभर उभं राहिलं की संध्याकाळी पुन्हा डोकं वर काढतं. टाच दुखायला इतरही कारणं असतात, पण सर्वांत जास्त आढळणारं कारण हेच.

आता ‘हाड वाढलंय’ या निदानाकडे वळू. एक्स-रेमध्ये टाचेखाली काटा दिसला की घरात धास्ती पसरते. पण टाच कधीच दुखली नाही अशा कितीतरी माणसांच्या एक्स-रेमध्येही तो काटा असतो आणि ज्यांचं दुखणं पूर्ण थांबलं त्यांच्याही टाचेत तो तसाच राहतो. म्हणजे त्याला दोषी धरणं हे चोर सोडून संन्याशाला सुळी देणं झालं. यात खरं नुकसान वेगळंच होतं. हाडच वाढलंय म्हटल्यावर ‘आता ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही’ असं माणूस धरून चालतो आणि चप्पल बदलण्याचे, पोटरी ताणण्याचे साधे उपाय हसण्यावारी नेतो.

अनवाणीवाद्यांचा पक्ष मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपले आजोबा-पणजोबा बिनचपलेचे कोसच्या कोस चालले, असं ते म्हणतात आणि त्यांच्या बाजूला संशोधनही आहे. राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी 1992 मध्ये भारतातल्या 2300 मुलांच्या पावलांच्या ठशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पादत्राणं घालणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचं प्रमाण 8.6 टक्के होतं, तर अनवाणी वाढणाऱ्यांत 2.8 टक्के. पुढून बंद असलेले बूट घालणाऱ्या मुलांत ते सर्वाधिक होतं. लहान मुलांच्या पावलांना मोकळं वाढू द्यावं हा यातून निघणारा धडा मला पूर्ण मान्य आहे. पण तो अभ्यास 4 ते 13 वर्षांच्या मुलांचा आहे आणि कमान घडण्याबद्दलचा आहे. पन्नाशीतल्या, वजन वाढलेल्या, टाच आधीच कुरकुरत असलेल्या माणसाला त्यातून अनवाणी चालण्याची चिठ्ठी लिहून देता येत नाही. शिवाय पणजोबा चालले ते मातीवर. त्यांच्या नातसुना उभ्या असतात त्या व्हिट्रिफाइड टाइल्सवर, ओट्यापाशी, दोन-दोन तास. शेणानं सारवलेली जमीन गेली, पण तिच्यावरचा अनवाणी वावर आपण तसाच चालू ठेवला.

उरला सगळ्यांचा लाडका मऊपणा. दुकानात अंगठ्यानं दाबली की रुतणारी स्लीपर पहिल्या क्षणाला सुखद वाटते, यात शंका नाही. पण पुळणीतल्या भुसभुशीत वाळूत अर्धा तास चालून पाहा म्हणजे कळेल. टाच रुतते, घोटा डगमगतो आणि प्रत्येक पावलाला तोल सावरण्याचं जादा काम पायालाच करावं लागतं. नुसत्या फोमच्या चपलेत हेच थोड्या प्रमाणात होतं. शिवाय ती टाचेखाली लवकर दबते, पण वरून तशीच दिसते म्हणून कोणी बदलत नाही. टणक तळावर मऊसर पातळ थर असायला माझी हरकत नाही, टाचेखाली थोडी गादी बऱ्याच जणांना मानवतेही. पण तळच नसलेली गादी म्हणजे आधार नव्हे.

महागड्या वस्तूवर श्रद्धा असणाऱ्यांसाठीही एक दाखला आहे. ऑस्ट्रेलियात टाचदुखीच्या 135 रुग्णांवर झालेला एक प्रयोग 2006 मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना पायाचा साचा घेऊन बनवलेले इनसोल दिले, काहींना तयार आणि काहींना नावापुरते, आधार नसलेले. तीन महिन्यांनी आधाराच्या दोन्ही प्रकारांनी हिंडण्या-फिरण्यात थोडा फरक पडला होता. त्या दोहोंत मात्र डावं-उजवं करण्यासारखं काही नव्हतं. वर्ष उलटल्यावर तर तिन्ही गट जवळपास एका पातळीवर आले. म्हणजे आधाराचा उपयोग आहे, तो सुरुवातीच्या कठीण महिन्यांत आहे, आणि त्यासाठी साच्याचा खर्च सरसकट प्रत्येकाला करावा लागत नाही.

मग निवडायचं काय? सगळ्यात आधी रुंदी. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं एक लाखाहून अधिक भारतीयांची पावलं मोजली तेव्हा ती युरोपीय पावलांपेक्षा रुंद निघाली. त्यावरून ‘भा’ नावाची स्वदेशी मापपद्धतीही सुचवली गेली. आजवर आपण परदेशी नंबरांत पाय कोंबत आलो. रुंदीला आवळतं म्हणून एक नंबर मोठा घेतो, मग लांबी जादा होते, टाच मागे सरकते आणि बूट वाकायला हवा तिथे न वाकता भलतीकडेच वाकतो.

यावरचा उपाय फुकट आहे. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, कोऱ्या कागदावर पूर्ण भार देऊन उभं राहा आणि घरातल्या कोणालातरी पेन्सिल उभी धरून पावलाची कड आखायला सांगा. दोन्ही पावलांची आखा, कारण ती बहुधा सारखी नसतात. तो आकार कापून दुकानात न्या आणि बुटाच्या तळावर ठेवा. कागद कडेला दुमडला तर तिथे तुमचा पायही दुमडणार आहे, मग विक्रेता ‘वापरून सैल होईल’ असं कितीही म्हणो. त्यानंतर बूट हातात घ्या. मागची टाचेची भिंत चिमटीत दाबा, ती सहज चेपता कामा नये. पुढचं टोक वर दाबा. बूट बोटांच्या मुळाशी वाकावा, मधोमध घडी पडता कामा नये. दोन्ही टोकं धरून ओल्या फडक्यासारखा पिळून पाहा. पिळला गेला तर खाली ठेवा. चप्पलच हवी असेल तर मागे पट्टा असलेली सँडल घ्या. कोल्हापुरी दिसायला देखणी खरीच, पण ती सपाट आणि टाचेला मोकळी असते. टाच दुखत असेतोवर तिला समारंभापुरती ठेवावी.

आता घराच्या उंबरठ्याचा प्रश्न. घरात चप्पल घालायची नाही, हा आपला नियम स्वच्छतेचा आहे आणि मला तो मोडायचा नाही. पण रस्ता न पाहिलेला, धुऊन घेतलेला घरातला स्वतंत्र जोड या नियमात सहज बसतो. तो पलंगाशेजारी ठेवावा, म्हणजे सकाळचं ते पहिलं पाऊल थेट फरशीवर पडत नाही. देवघरात जाताना काढावा. ‘पायीची वहाण पायीच बरी’ असं म्हणत आपण वहाणेला इतकं हलकं लेखलं की, हजारोंची साडी घेणारं घर आईच्या स्वयंपाकघरातल्या जोडाला उधळपट्टी म्हणतं.

जोड घेतला की काम संपलं, असंही नाही. डेन्मार्कच्या एका अभ्यासात बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून एका पायावर सावकाश टाच उचलण्याचा व्यायाम दिवसाआड करणाऱ्यांना, नुसता तळवा ताणणाऱ्यांपेक्षा तीन महिन्यांनी जास्त आराम पडला होता. दोन्ही गटांना इनसोल मात्र दिलेले होते. आधारानं ताण हलका होतो, व्यायामानं ताकद येते. एकाच्या जागी दुसरं चालत नाही. टाचदुखी बरी व्हायला सहा महिने ते वर्ष लागू शकतं, पण बहुसंख्यांची शस्त्रक्रियेविना बरी होते. मधुमेहींनी मात्र ही सगळी परीक्षा स्वतःच्या हिमतीवर करू नये. बधिर पायाला बूट चावलेला कळत नाही आणि साध्या फोडाची जखम होते. त्यांनी डॉक्टरांना पाय दाखवूनच पादत्राण ठरवावं. टाच रात्री आडवं झाल्यावरही ठणकत असेल, सुजून लाल झाली असेल किंवा पडल्या-आपटल्यानंतर दुखू लागली असेल, तरी आधी डॉक्टर, मग दुकान.

एवढं सांगूनही एक वर्ग उरतो, ज्याच्या हाती निवडच नाही. इमारतीच्या फाटकावरचा रखवालदार बारा तास उभा असतो तो कंत्राटदारानं ठोक भावात घेतलेल्या बुटांत. कापडदुकानातली मुलगी दिवसभर उभी राहते आणि गिऱ्हाईक नसतानाही तिला टेकायची सोय नसते. केरळनं 2018 मध्ये आणि तमिळनाडूनं 2021 मध्ये दुकानांतल्या कामगारांना बसायला जागा देणं कायद्यानं बंधनकारक केलं. ज्यांना दिवसभर उभं राहण्याचाच पगार मिळतो, त्यांना ‘चांगले बूट घ्या’ असा उपदेश करून आपण मोकळे होऊ शकत नाही. गणवेशाच्या शर्टाचं माप खांद्यावर टेप लावून घेतलं जातं. त्याच दिवशी पावलाचंही माप घ्यावं आणि त्या मापाचा बूट मालकाच्या खर्चानं द्यावा. शेजारी एक स्टूल ठेवावं. ही मागणी मोठी नाही, आणि ती टाच दुखण्याआधी मान्य झाली तर मालकालाही स्वस्त पडेल.