नोकरी लागली, पण हे विचारलंत का?

मंडळी, आपल्या पेडणे-डिचोलीत कुणाला कारखान्यात नोकरी लागली की घरची माणसं विचारतात, ‘पगार किती? शिफ्ट कुठली? कंपनीची बस येते ना?’ ‘तिथे धोका कशाचा आहे?’ हे मात्र सहसा कुणी विचारत नाही.

हे विचारण्याचा हक्क कामगाराला कायद्यानेच दिला आहे. १९८४ च्या डिसेंबरमध्ये भोपाळच्या कीटकनाशक कारखान्यातून विषारी वायू सुटला आणि हजारो माणसं दगावली. त्यानंतर, १९८७ साली, कारखाने अधिनियमात कलम १११-अ आलं. कामावरच्या आरोग्य आणि सुरक्षिततेची माहिती मालकाकडून मिळवणं हा त्याने कामगाराचा हक्क ठरला. २०२० च्या नव्या संहितेतही तो कायम आहे.

सगळेच धोके स्फोटासारखे आवाज करून येत नाहीत. डिचोलीने खाणींची लाल धूळ वर्षानुवर्षं छपरांवर, झाडांच्या पानांवर पाहिली. ती निदान दिसते. दगड फोडताना, ड्रिल मारताना उडणारे सिलिकाचे सर्वांत बारीक कण डोळ्यांना दिसतच नाहीत. ते फुप्फुसात खोल जाऊन बसतात आणि त्रास जाणवायला बहुधा दहा-वीस वर्षं जातात. या सिलिकोसिसवर बरं करणारं औषध नाही. तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवत नाही. पाणी मारून धूळ उडू न देणं आणि योग्य रेस्पिरेटर वापरणं, हाच बचाव.

म्हणून तुये किंवा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत रुजू होणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, पहिल्याच दिवशी विचारा. मी हाताळणार त्या रसायनाचं माहितीपत्रक कुठे आहे? मशीन साफ करताना वीज बंद करून स्विचला कुलूप कोण लावतं, आणि चावी कुणाच्या खिशात असते? टाकीत उतरण्याआधी आतली हवा तपासून लेखी परवानगी कोण देतं?

कंत्राटी असाल, शिकाऊ असाल, तरी विचारा. नव्या माणसाला यातलं काहीच ठाऊक नसतं, म्हणून त्यालाच जास्त जपायला हवं. उत्तर टाळलं गेलं तर पणजीत आल्तिनोला कारखाने व बाष्पके निरीक्षणालय आहे. तिथे दाद मागता येते.

आमच्या संगणकाच्या कामात चूक झाली तर ‘अनडू’चं बटण असतं. पॉवर प्रेसला ते नसतं. तेव्हा चवथीला मुलं घरी आली की पगाराबरोबर हेही विचारा.