बाळू पालवणकर : मैदानातला मान आणि मतपेटीतला डाव

निवडणूक जवळ आली की आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात कापणी झालेल्या मळ्यांत क्रिकेटच्या स्पर्धांना ऊत येतो. चषक ‘भाऊं’च्या नावाचा, टी-शर्टवर फोटो ‘भाऊं’चा. बौद्धवाडीचा संघही उतरतो. त्यातला चांगला खेळणारा पोरगा पुढे प्रचाराच्या गाडीवर झेंडा धरून उभा दिसतो. मग आपण त्याला ‘विकला गेला’ म्हणून मोकळे होतो. आम्हाला मात्र अशा वेळी बाळू पालवणकर आठवतात.

पालवणकर हे आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलेले. चर्मकार समाजातल्या या माणसाने पुण्यात पारशांच्या मैदानावर झाडलोट आणि रोलर फिरवण्याचे काम महिना तीन रुपयांवर केले, पुढे युरोपियनांच्या क्लबात चार रुपयांवर. तिथे इंग्रज साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करता करता त्यांची डावखुरी फिरकी घडली. हिंदूंच्या संघाला ती हवी होती, बाळू मात्र पंगतीला नको होते. मैदानात त्यांच्या हातातला चेंडू चालायचा. चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. तरुण भीमराव आंबेडकरांनाही त्यांचा अभिमान होता. पण इतके करूनही हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद बाळूंना कधी मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळाले, तेही वर्षानुवर्षांच्या अवहेलनेनंतर आणि उघड निषेधानंतर.

‘गुणवत्ता असली की जात आड येत नाही’ असे आजही आपल्याला ऐकवले जाते. त्यांना बाळूंचे हे आयुष्य दाखवा. गुणवत्तेने बाळूंना संघात घेतले. नेतृत्वाचा प्रश्न आला तेव्हा जातच आडवी आली.

पुढचा भाग आपल्याला बोचणारा आहे. १९३२ च्या पुणे करारावर बाळूंचीही सही आहे. १९३५ मध्ये बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली, तिला त्यांनी विरोध केला. १९३७ च्या मुंबई विधानसभेच्या निवडणुकीत काँग्रेसने त्यांना थेट बाबासाहेबांसमोर उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. फरक अवघ्या २,०२० मतांचा.

म्हणून आपल्यातले काही जण म्हणतात, त्यांचे नाव कशाला घ्यायचे? आम्हाला हे पटत नाही. बाळूंना नुसते प्यादे म्हणणे हा त्यांच्यावरही अन्याय आहे. हिंदू समाज आतून बदलेल असे त्यांना वाटत होते. ज्या संघाने त्यांना बाहेर चहा पाजला, त्याच संघाने पुढे त्यांच्या भावाला कर्णधार केले, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते. त्यातून त्यांचा विश्वास बळावला असेल, तर ते समजण्यासारखे आहे. आमच्या मते ते चुकले. पण चुकलेला प्रत्येक माणूस गद्दार नसतो.

खरा मुद्दा व्यक्तीचा नाही, मतदारसंघाच्या रचनेचा आहे. जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघात स्वतःचा प्रतिनिधी निवडण्याचा हक्क दिला होता. पुणे कराराने राखीव जागा ७१ वरून १४८ केल्या, पण अंतिम निवड संयुक्त मतदारसंघाच्या हाती दिली. जागा वाढल्या, चावी दुसऱ्याच्या खिशात गेली. अशा व्यवस्थेत प्रस्थापित पक्षाला आपल्यातला लढाऊ माणूस नको असतो. त्याला आपल्यातला लोकप्रिय माणूस हवा असतो, आणि जमल्यास दुसऱ्या पोटजातीचा. महाराच्या विरोधात चांभार उभा केला की अर्धे काम झाले. यासाठी उमेदवाराने बेइमान असण्याचीही गरज नाही. बाबासाहेबांनी १९४५ च्या आपल्या काँग्रेस-गांधींवरच्या ग्रंथात या धोक्याची सविस्तर चिकित्सा केली आहे. तो वाचा.

तेव्हा ‘भाऊं’चा टी-शर्ट घातलेल्या पोराला शिव्या देऊन काय साधणार? त्याला बॅट घेऊन देणारा, जिल्ह्याच्या निवड चाचणीला एसटीचे भाडे देणारा आपल्यात कोण होता? जयंतीच्या डीजेवर आपण वर्गणी उधळतो. त्यातली चार आणे तरी वाडीच्या संघावर खर्च केली का? जिथे आपली चळवळ पोचत नाही, तिथे ‘भाऊं’चा चषक पोचतो.

आमचे म्हणणे तीन गोष्टींचे आहे. आपल्या खेळाडूंच्या पाठीशी आपणच उभे राहू. बौद्ध, चर्मकार, मातंग यांच्या वाड्यांचे सामने एकत्र भरवू, म्हणजे मतदानाच्या वेळी आपल्याला एकमेकांसमोर उभे करणे कठीण जाईल. आणि उद्या आपल्यातलाच कुणी तिकीट घेऊन दारात आला तर त्याची जात किंवा बळी मोजण्याआधी एवढेच विचारू : तुला उभे कुणी केले, आणि तू उत्तर कुणाला देणार?

बाळूंचा खेळ आपला आहे, त्यांचा अपमानही आपला आहे. त्यांची चूकसुद्धा आपलीच म्हणून समजून घेऊ. नाहीतर तीच पुन्हा करू.

जयभीम!